समग्र मागणी, समग्र पुरवठा आणि जालना जिल्हा : क्रमिक पुस्तकांतील धोरण-प्रतिमानाची चिकित्सा

प्रस्तावना

पदवीस्तरावर स्थूल अर्थशास्त्र शिकविताना समग्र मागणी व समग्र पुरवठा यांच्या आकृतीवाचून पुढे जाता येत नाही. एक वक्र डावीकडून उजवीकडे खाली उतरतो, दुसरा वर चढतो आणि त्यांच्या छेदनबिंदूवर किंमत पातळी व उत्पन्न निश्चित होते. शासनाने खर्च वाढविला किंवा कर घटविले की मागणीचा वक्र उजवीकडे सरकतो. रिझर्व्ह बँकेने रेपो दर वाढविला की तोच वक्र डावीकडे येतो. पुरवठ्याचा वक्र बहुधा जागेवर असतो. पाऊस, युद्ध किंवा खनिज तेल अशा 'बाह्य धक्क्यां'नी तो हलतो, आणि धक्का ओसरला की पूर्ववत होतो, असे गृहीत धरले जाते.

हे प्रतिमान तार्किकदृष्ट्या सदोष आहे असा प्रस्तुत लेखाचा दावा नाही. प्रश्न त्याच्या मराठी क्रमिक पुस्तकांतील मांडणीचा आहे. ही मांडणी औद्योगिक, मजुरीप्रधान व संघटित पतव्यवस्था असलेल्या अर्थव्यवस्थेवर बेतलेली आहे आणि ती जालना, अंबड, परतूर येथील महाविद्यालयांत जशीच्या तशी शिकविली जाते. ज्या विद्यार्थ्याच्या घरी कापूस व सोयाबीन पिकते, ज्याचा मोठा भाऊ औद्योगिक वसाहतीतील रोलिंग मिलमध्ये कामाला आहे, त्याला या आकृतीत आपले घर कोठे बसते हे सांगता येत नाही. तसे सांगता येणे आवश्यक आहे, कारण धोरणाचा भार शेवटी त्याच घरावर पडतो.

राव यांचा आक्षेप आणि त्याची उपेक्षा

केन्सप्रणीत गुणक सिद्धान्त अल्पविकसित देशांना लागू पडतो काय, हा प्रश्न डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९५२ मध्येच उपस्थित केला होता. जेथे शेती हा मुख्य व्यवसाय आहे, बेरोजगारी प्रच्छन्न आहे, कुटुंबच उत्पादन व उपभोगाचे एकक आहे आणि अन्नधान्याचा पुरवठा अलवचीक आहे, तेथे गुंतवणूक वाढविल्याने पैशातील उत्पन्न वाढेल, परंतु वास्तव उत्पादन त्या प्रमाणात वाढणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. आपल्याकडील बहुतेक पुस्तकांत राव यांचे नाव 'गुणकाच्या मर्यादा' या शीर्षकाखाली चार ओळींत येते. परीक्षेत पाच गुणांची टीप म्हणून त्याचे महत्त्व उरते. वास्तविक तो आक्षेप मान्य केला, तर त्यापुढील संपूर्ण प्रकरण वेगळ्या रीतीने लिहावे लागेल.

तथापि राव यांचा युक्तिवादही आज जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. जालन्याचा शेतकरी आज मुख्यतः घरच्या खाण्यासाठी पिकवीत नाही. कापूस, सोयाबीन, मोसंबी, रेशीम कोष ही सर्व बाजाराची पिके आहेत. संकरित बियाण्यांच्या व्यवसायाचा पाया जालन्यात १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी 'महिको'च्या रूपाने घातला. तेव्हापासून बियाणे हीदेखील विकत घेण्याची वस्तू झाली. शेती पूर्णपणे पैशाच्या व्यवहारात आली आहे. पुरवठ्याची अलवचीकता मात्र तशीच राहिली. राव यांनी वर्णिलेली निम्मी स्थिती बदलली आणि निम्मी टिकली, या मधल्या अवस्थेला आपल्या पुस्तकांत स्थान नाही.

दुष्काळ : एक धक्का, दोन वक्र

१९७२ च्या दुष्काळात जालना हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. तो १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. पण दुष्काळाचे अर्थशास्त्र समजून घेण्यास तेच वर्ष सोयीचे आहे. पुस्तकातील आकृतीनुसार दुष्काळात पुरवठ्याचा वक्र डावीकडे जातो, मागणीचा वक्र स्थिर राहतो, परिणामी किंमत वाढते. मराठवाड्यात घडले ते वेगळे. ज्याच्या शेतात ज्वारी आली नाही त्याच्याकडे विकायला धान्य नव्हते आणि विकत घ्यायला पैसाही नव्हता. शेतमजुराला तर कामच नव्हते. म्हणजे पुरवठा व मागणी हे दोन्ही वक्र एकाच कारणाने एकाच वेळी मागे आले. अशा वेळी केवळ धान्य आयात करून भागत नाही, कारण ते विकत घेणारा हातच रिकामा असतो.

शासनाने सुरू केलेल्या दुष्काळी कामांनी नेमके हेच जाणले. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, खडी फोडणे यांवर मिळालेली मजुरी धान्याच्या बाजारात आली आणि त्या क्रयशक्तीमागे खाजगी व्यापाराद्वारे धान्यही दुष्काळी भागाकडे ओढले गेले. ज्याँ ड्रेझ यांनी महाराष्ट्रातील या दुष्काळाच्या अभ्यासात या प्रक्रियेकडे लक्ष वेधले आहे. येथे मागणीने पुरवठा निर्माण केला. मात्र तो स्थानिक उत्पादनातून आला नाही, स्थलांतरित धान्यातून आला. वि. स. पागे यांच्या प्रेरणेतून साकारलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ च्या कायद्याने आधार मिळाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. तिच्या अर्थभरणाकडे पुस्तके फारसे लक्ष देत नाहीत. १९७५ च्या व्यवसाय कराचा मोठा भार शहरी पगारदारांवर पडला आणि त्याचा खर्च ग्रामीण मजुरीवर झाला. तुटीचा अर्थभरणा न करता क्रयशक्ती एका हातातून अधिक उपभोग प्रवृत्ती असलेल्या दुसऱ्या हातात नेण्याचे हे राजकोषीय धोरण होते. संतुलित अंदाजपत्रकाचा गुणक शिकविताना याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण, तरीही आपण परदेशी उदाहरणे देत राहतो.

२०१२-१३ चा दुष्काळ मात्र निराळ्या जातीचा होता. तो अन्नाचा नव्हता, पाण्याचा होता. मजुरी दिल्याने ज्वारी दूरच्या बाजारातून येते. पाणी त्या रीतीने येत नाही. टँकर व चारा छावण्या यांवरील शासकीय खर्च जीव वाचविण्यास उपयोगी पडला, परंतु मोसंबीच्या बागा त्याने वाचल्या नाहीत. या ठिकाणी प्रतिमानाची एक मूलभूत त्रुटी उघड होते. मोसंबीचे झाड हे पीक नसून भांडवल आहे. नवी लागवड फळावर येण्यास चार-पाच वर्षे जातात. ज्याची बाग जळाली त्याच्या दृष्टीने एका वर्षाचा 'तात्पुरता धक्का' पुढील अर्धे दशक टिकतो. अल्पकालीन व दीर्घकालीन समग्र पुरवठा असा जो भेद पुस्तके करतात तो येथे एका उन्हाळ्यात पुसला गेला. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेचा रेपो दर एप्रिल २०१२ मधील ८ टक्क्यांवरून मार्च २०१३ मध्ये ७.५० टक्क्यांवर उतरला. जालन्याच्या बागायतदाराला या अर्ध्या टक्क्याचे काय मोल होते, हा प्रश्न वर्गात विचारून पाहावा.

पुरवठ्याचा वक्र सार्वजनिक खर्चाने हलविता येतो याचा दाखलाही याच जिल्ह्यात आहे. जालना तालुक्यातील कडवंची येथे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाखाली, खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्राच्या पुढाकाराने माथा ते पायथा कामे झाली आणि कोरडवाहू गाव द्राक्षबागांचे व शेततळ्यांचे गाव बनले. याउलट २०१६ पासून राबविलेल्या 'मागेल त्याला शेततळे' यांसारख्या वैयक्तिक अनुदानाच्या योजनांत पाणलोटाचा सामुदायिक विचार मागे पडला. शेततळे विहिरीच्या वा कूपनलिकेच्या उपशाने भरले, तर पुरवठा वाढत नाही. तो शेजाऱ्याकडून आपल्याकडे येतो एवढेच. दोन्ही खर्च अंदाजपत्रकात भांडवली स्वरूपाचेच दिसतात.

व्याजदर कोणापर्यंत पोहोचतो?

चलनविषयक धोरणाच्या प्रकरणात रेपो दरापासून बँकांच्या कर्जदरापर्यंत आणि तेथून गुंतवणूक व मागणीपर्यंत बाणांची एक मालिका दाखविलेली असते. जालना जिल्ह्यातील दोन कर्जदार या मालिकेवर ठेवून पाहू.

पहिला पीककर्ज घेणारा शेतकरी. केंद्राच्या व्याज सवलत योजनेनुसार २००६-०७ पासून तीन लाख रुपयांपर्यंतचे अल्पमुदतीचे पीककर्ज ७ टक्क्यांनी मिळू लागले. पुढे वेळेवर परतफेड करणाऱ्यास आणखी ३ टक्के सवलत मिळून हा दर ४ टक्क्यांवर आला आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे पात्र शेतकऱ्यासाठी तो शून्यापर्यंत खाली गेला. ऑक्टोबर २०११ मध्ये रेपो दर ८.५० टक्के होता; मे २०२० मध्ये तो ४ टक्क्यांवर आला. या दोन टोकांमध्ये मिंट स्ट्रीटवर कितीही विचारमंथन झाले असले तरी शेतकऱ्याच्या पीककर्जाचा ७ टक्के हा मूळ दर त्यामुळे हलला नाही. तो अंदाजपत्रकाने बांधून ठेवला होता.

मग शेतकऱ्याची पत आकुंचन पावते ती कशाने? व्याजाने नव्हे, थकबाकीने. पीक गेले किंवा भाव पडला की कर्ज 'नवे-जुने' होत नाही. खाते थकीत होते आणि पुढील खरिपात बँकेचे दार बंद होते. त्यानंतर बियाणे व खत कृषी सेवा केंद्राच्या उधारीवर येते किंवा पैसा सावकाराकडून येतो, आणि तेथील व्याज रेपो दर पाहून ठरत नाही. बंद झालेले दार उघडले ते कर्जमाफीने, म्हणजे पुन्हा राजकोषीय निर्णयाने. २००८ च्या केंद्रीय कर्जमाफीत दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यास संपूर्ण माफी व त्यावरील शेतकऱ्यास, उर्वरित रक्कम भरल्यास, २५ टक्के सवलत होती. सिंचित भागातील पाच एकर आणि मंठा-जाफराबादकडील कोरडवाहू पाच एकर यांना एकाच मापाने मोजणारा तो निकष मराठवाड्यावर अन्यायकारक होता, असे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. २०१७ च्या राज्य योजनेत दीड लाखांची व २०१९ च्या योजनेत दोन लाखांची मर्यादा आली. जमिनीऐवजी कर्जाची रक्कम हा निकष झाला. या सर्व योजनांची चर्चा पुस्तकांत 'शेती' किंवा 'सार्वजनिक खर्च' या प्रकरणांत होते. जिल्ह्यातील पतपुरवठा ज्याने ठरतो ते साधन चलनविषयक धोरणाच्या प्रकरणात नसावे, हे आश्चर्यकारक आहे.

चलनाचा निर्णय शेतकऱ्यापर्यंत थेट पोहोचल्याचे एक उदाहरण आहे, पण ते व्याजदराचे नाही. ८ नोव्हेंबर २०१६ च्या निश्चलनीकरणानंतर अवघ्या काही दिवसांत, १४ नोव्हेंबरपासून, जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा स्वीकारण्यास मनाई करण्यात आली. कापूस वेचणीच्या ऐन हंगामात, ज्या बँकेत गावाचे खाते तीच बँक व्यवहाराबाहेर गेली.

दुसरा कर्जदार म्हणजे पोलाद कारखानदार. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील भट्ट्या भंगार व स्पंज आयर्न वितळवून बिलेट करतात आणि रोलिंग मिल त्यापासून बांधकामाची सळई काढतात. या व्यवसायाचा प्राण खेळते भांडवल हा आहे. भंगार रोखीने घ्यावे लागते, सळईचे पैसे उशिरा येतात. त्यामुळे कॅश क्रेडिटचा व्याजदर थेट नफ्यावर आघात करतो. ऑक्टोबर २०१९ पासून सूक्ष्म व लघुउद्योगांची, व एप्रिल २०२० पासून मध्यम उद्योगांची, बदलत्या दराची नवी कर्जे रेपोसारख्या बाह्य निकषाशी जोडली गेली. त्यानंतर मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून ६.५० टक्के झाला, तेव्हा ही वाढ अशा कर्जदारांपर्यंत जवळजवळ पूर्णपणे आणि तातडीने पोहोचली.

आता ही वाढ कशासाठी होती ते पाहू. एप्रिल २०२२ मध्ये ग्राहक किंमत निर्देशांकावर आधारित चलनवाढ ७.७९ टक्क्यांवर गेली होती; तिच्यामागे युक्रेन युद्धानंतरचे खाद्यतेल, गहू व इंधन यांचे भाव होते. २०१२ हे पायाभूत वर्ष असलेल्या तत्कालीन मालिकेत खाद्यपदार्थ व पेये या गटाचा भार ४५.८६ टक्के होता. म्हणजे चलनवाढ मुख्यत्वे ताटातली, आणि तिच्यावरील उपचार भट्टीवर. शेती ज्या मार्गाने महागली त्या मार्गावर रेपो दर जात नाही. तो जातो सळईच्या व घरबांधणीच्या मार्गाने. चलनवाढीच्या अपेक्षा आटोक्यात ठेवण्यासाठी हे करावे लागते, असे समर्थन रिझर्व्ह बँक करते व ते अगदीच निराधार नाही. परंतु त्याची किंमत कोण मोजतो, हा वाटपाचा प्रश्न आहे आणि 'समग्र' या विशेषणाने तो झाकला जातो. डॉ. आंबेडकरांनी 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' (१९२३) या ग्रंथात चलनाच्या प्रश्नाकडे पाहताना रुपयाच्या अंतर्गत क्रयशक्तीचे स्थैर्य आणि तिच्या घसरणीने मजुरीवर जगणाऱ्याचे होणारे नुकसान यांवर भर दिला होता. त्या दृष्टीने पाहता भाव आवरणे हे गरिबाच्या हिताचेच आहे. पण ते कोणत्या हाताने आवरावेत, हा निराळा प्रश्न होय.

एकाचा पुरवठा, दुसऱ्याचे उत्पन्न

प्रस्तुत लेखकाच्या मते प्रतिमानाची सर्वांत गंभीर उणीव सोयाबीनच्या उदाहरणात दिसते. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीनचा भाव क्विंटलला दहा हजार रुपयांच्या आसपास गेला. तेव्हा बहुतेक शेतकऱ्यांचा माल विकला गेलेला होता. नवे पीक बाजारात येण्याच्या बेतात असताना केंद्राने १२ लाख टन जनुकीय सुधारित सोयापेंडीच्या आयातीस परवानगी दिली, खाद्यतेलावरील आयात शुल्क घटविले, साठा मर्यादा आणली आणि डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीनचे वायदे स्थगित झाले. राष्ट्रीय आकृतीत ही सर्व पावले पुरवठ्याचा वक्र उजवीकडे नेणारी आहेत: किंमत पातळी उतरेल, उत्पन्न वाढेल. भोकरदनच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र ती त्याच्या उत्पन्नातील, आणि म्हणून जालन्याच्या बाजारपेठेतील मागणीतील, कपात होती. सोयाबीनचा भाव पडला की दिवाळीत कापड दुकान, दुचाकीचे शोरूम आणि सळई-सिमेंटचे दुकान यांना ते लगेच कळते. राष्ट्राचा पुरवठा वाढविणाऱ्या एकाच उपायाने जिल्ह्याची मागणी घटते, ही शक्यता दोन वक्रांच्या आकृतीत दाखविताच येत नाही, कारण तिच्यात सर्व उत्पादक एक आणि सर्व उपभोक्ते एक.

पुढची कहाणीही तशीच आहे. १४ सप्टेंबर २०२४ रोजी कच्च्या खाद्यतेलावरील मूळ सीमाशुल्क शून्यावरून २० टक्के करण्यात आले. तरी त्या खरिपात ४८९२ रुपये हमीभाव असताना खुल्या बाजारातील भाव त्याखालीच राहिले. मे २०२५ अखेर शुल्क पुन्हा १० टक्क्यांवर आणले गेले. कापसावरील ११ टक्के आयात शुल्क एप्रिल २०२२ मध्ये काही महिन्यांसाठी व पुन्हा ऑगस्ट २०२५ मध्ये वर्षअखेरपर्यंत माफ झाले, तेही वस्त्रोद्योगाच्या पुरवठ्यासाठी. आयात शुल्क हे कराचे साधन असल्याने हा राजकोषीय धोरणाचाच भाग ठरतो. विस्तारवादी की संकोची, हे मात्र तुम्ही मुंबईतून पाहता की मंठ्यातून, यावर अवलंबून आहे.

याच्या तुलनेत पोलाद उद्योगाबाबत राज्याने वापरलेले साधन अधिक नेमके होते. भट्टीच्या खर्चात विजेचा वाटा मोठा असतो. २०१६ मध्ये विदर्भ, मराठवाडा व उत्तर महाराष्ट्रातील उद्योगांना राज्य शासनाने वीजदरात सवलत दिली. ही सवलत म्हणजे राजकोषीय खर्चाने थेट पुरवठ्याचा वक्र सरकविणे. उलट मे २०२२ मध्ये केंद्राने पोलादाच्या निर्यातीवर १५ टक्के शुल्क लावले व नोव्हेंबरमध्ये मागे घेतले. देशांतर्गत भाव उतरविणे हा त्याचा हेतू होता. त्याच सहा महिन्यांत व्याजदरही चढत होता. एकाच भट्टीवर राज्याची सवलत, केंद्राच्या उपायाने उतरणारे भाव आणि रिझर्व्ह बँकेचे वाढते व्याज अशी तिहेरी ओढाताण झाली.

गुणकाची गळती

जिल्हा ही अत्यंत खुली अर्थव्यवस्था असते, हे सांगण्यास विशेष अभ्यास लागत नाही. जुलै २०२४ पासून मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत पात्र महिलांना दरमहा १५०० रुपये देण्यात येऊ लागले. २०२४-२५ साठी ४६ हजार कोटींची तरतूद करण्यात आली होती. किराणा, औषधे, मुलांची वह्या-पुस्तके यांवर खर्च होणारा हा पैसा उपभोग प्रवृत्तीच्या दृष्टीने उत्तमच. परंतु साबण, तेल, मोबाइल रिचार्ज यांपैकी जिल्ह्यात तयार होणारे किती? पहिल्याच फेरीत गुणकाचा मोठा भाग बाहेर जातो. समृद्धी महामार्गाच्या भूसंपादनाचा मोबदला याहूनही मोठ्या रकमेचा व एकदाच मिळालेला होता. त्यातील किती भाग उत्पादक गुंतवणुकीत गेला याचा स्वतंत्र अभ्यास होणे गरजेचे आहे. याउलट, २०१८ मध्ये जालना बाजार समितीत रेशीम कोषांची खरेदी सुरू झाली, ही तुलनेने लहान गोष्ट. पण पूर्वी कर्नाटकातील रामनगरपर्यंत माल नेणाऱ्या शेतकऱ्याचा वाहतूक खर्च व जोखीम तिने कमी केली. गळती थोपविण्याचा हा मार्ग अंदाजपत्रकाच्या आकड्यांत जेमतेम दिसतो.

या गळतीचे मोजमाप करण्यात अडचण आहे. जिल्हा उत्पन्नाचे अंदाज बऱ्याच अंशी राज्याचे आकडे निर्देशकांच्या आधारे वाटून काढलेले असतात. जिल्ह्याच्या समग्र मागणीचे आकडे तर तयारच होत नाहीत. मात्र बाजार समितीची दैनंदिन आवक व भाव, अग्रणी बँकेचा वार्षिक पतपुरवठा आराखडा, पीककर्ज वाटपाचे तालुकावार तक्ते आणि रोजगार हमीच्या कामांवरील मजुरांची उपस्थिती ही माहिती उपलब्ध आहे. नव्या अभ्यासक्रमातील क्षेत्र प्रकल्पासाठी विद्यार्थ्यांनी एका तालुक्यातील या चार मालिका दुष्काळी व सुकाळी वर्षांसाठी शेजारी शेजारी मांडल्या, तर रेपो दर आणि पीककर्ज वाटप यांचा संबंध किती क्षीण आहे आणि मजुरांची उपस्थिती पावसाशी किती घट्ट बांधलेली आहे, हे त्यांना तपासून पाहता येईल.

हे तपासणे आता अधिकच निकडीचे झाले आहे. १९७७ चा महाराष्ट्राचा आणि २००५ चा राष्ट्रीय कायदा या दोन्हींत खर्च मजुरांच्या मागणीनुसार वाढण्याची तरतूद होती. म्हणूनच ती योजना दुष्काळात आपोआप विस्तारणारे स्थिरक म्हणून काम करू शकत असे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला. त्यात हमीचे दिवस १०० वरून १२५ झाले, मात्र राज्यनिहाय निकषाधारित तरतूद आली, त्यापलीकडचा खर्च राज्याकडे गेला आणि बहुतेक राज्यांसाठी खर्चाची ६०:४० अशी विभागणी ठरली. २०१२-१३ सारखे वर्ष पुन्हा आले आणि घनसावंगी-अंबडमधील कामाची मागणी तरतुदीपुढे गेली, तर वाढीव मजुरीचा भार राज्याच्या अंदाजपत्रकावर पडेल. आणि तेच अंदाजपत्रक राज्याच्या २००५ च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्याने बांधलेले असून त्याच वर्षी कर्जमाफी, वीज सवलत व लाडकी बहीण यांच्या मागण्याही त्याच्यापुढे उभ्या असतील.